धरणामुळे भूकंप होतो का? कोयनेचं साठ वर्षांचं उत्तर

'कोयना परिसराला भूकंपाचा सौम्य धक्का, धरण सुरक्षित.'

सातारा, सांगली किंवा चिपळूण भागातल्या लोकांना ही बातमी इतकी पाठ झाली आहे की आता फक्त तारीख आणि रिश्टरचा आकडा बघायचा बाकी असतो. बातमीखालच्या कमेंट्सही ठरलेल्या. एक जण लिहितो, 'हे सगळं धरणामुळे होतंय, पाणी सोडून द्या.' दुसरा त्याला झापतो, 'धरणाचा आणि भूकंपाचा काही संबंध नाही, अफवा पसरवू नका.' मग दोघांची जुंपते.

यातला दुसरा साफ चुकीचा आहे. पहिला अर्धा बरोबर आहे, आणि हा विषय नीट समजून घ्यायचा तर त्याच्या उरलेल्या अर्ध्या चुकीकडेच बघायला हवं.

थेट उत्तर आधी देऊन टाकूया. हो, धरणामागच्या जलाशयामुळे भूकंप होऊ शकतात. हे जगात शंभरहून अधिक ठिकाणी दिसलं आहे आणि त्यातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं उदाहरण आपलं कोयना आहे. पण भूकंपाची ताकद पाण्यातून येत नाही. ती जमिनीखाली आधीच साठलेली असते. पाणी निमित्त ठरतं.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं

सोमवार होता. थंडीचे दिवस, माणसं गाढ झोपेत. कोयनानगर आणि आसपासच्या गावांत दगड-मातीच्या भिंती घरांतल्या माणसांवर कोसळल्या. जवळपास २०० जणांचा जीव गेला, दोन हजारांहून अधिक जखमी झाले. कोयनानगरमधली बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. वीजनिर्मिती बंद पडली आणि त्याचा फटका थेट मुंबईच्या कारखान्यांना बसला. धक्का पुणे, मुंबई, गोव्यापर्यंत जाणवला होता. भूकंपाची तीव्रता बहुतेक अभ्यासांत ६.३ धरली जाते. जुन्या लेखांत ६.५ किंवा त्याहून थोडा मोठा आकडाही दिसेल, तो मोजण्याच्या पद्धतीतल्या फरकामुळे.

हा भूकंप जगभरच्या भूशास्त्रज्ञांसाठी धक्कादायक होता, कारण तो इथे होणं अपेक्षितच नव्हतं. हिमालयात भूकंप होतात, कच्छमध्ये होतात, दख्खनचं पठार मात्र स्थिर, असं तेव्हा मानलं जायचं. कोयना धरणाचं डिझाइन करतानाही भूकंपाचा जोर फार कमी धरला होता. गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के इतकाच धक्का हिशेबात घेतला होता. प्रत्यक्षात धरणाच्या आत बसवलेल्या यंत्राने त्याच्या कितीतरी पट मोठा धक्का नोंदवला. धरण उभं राहिलं, पण वरच्या भागात भेगा पडल्या. पुढे १९७०च्या दशकात आणि नंतर पुन्हा २००० नंतर काँक्रीटचे आधार देऊन ते मजबूत करण्यात आलं. देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशाही या भूकंपानंतर नव्याने आखावा लागला.

सरकारी भरतीच्या जाहिरातीत 'भूकंपग्रस्त' असा एक रकाना असतो, तो स्पर्धा परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असेल. त्या रकान्यामागे किल्लारीबरोबर ही कोयनेची पहाटही आहे.

कावळा बसला आणि फांदी तुटली?

धरण झालं आणि भूकंप आला, एवढ्यावरून संबंध सिद्ध होत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल, अशी शंका तेव्हाही अनेक शास्त्रज्ञांनी घेतली होती, आणि ती घ्यायलाच हवी होती. मग उत्तर 'हो' असं कशावरून?

पहिली गोष्ट काळाची. शिवाजीसागर जलाशयात पाणी अडवायला सुरुवात झाली १९६१ मध्ये. १९६२ पासून परिसरात हादरे आणि जमिनीखालून गडगडाटाचे आवाज येऊ लागल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. यंत्रं बसवली गेली आणि हादऱ्यांचे केंद्रबिंदू जलाशयाच्या आसपास सापडले. १९६७च्या सप्टेंबरमध्ये पाचपेक्षा मोठा धक्का बसला आणि तीन महिन्यांनी तो विनाशकारी भूकंप आला.

दुसरी गोष्ट मला स्वतःला सगळ्यात पटणारी वाटते. ती म्हणजे पावसाळ्याशी जुळलेली लय. दरवर्षी जूनपासून नवजा आणि महाबळेश्वर भागात पाऊस कोसळतो, धरण भरतं, आणि जलाशय भरल्यानंतर साधारण सप्टेंबरच्या सुमारास भूकंपांची संख्या वाढते. मग डिसेंबरच्या आसपास, पाणी उतरू लागतं तेव्हा, दुसरी वाढ दिसते. एखाद्या वर्षी असं झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. इथे पाण्याची पातळी आणि हादरे यांचा हा खेळ दशकानुदशकं नोंदवला गेला आहे. जमिनीखालच्या प्लेट्सना आपल्याकडे मृग लागलं की आश्लेषा, हे कळत नाही. धरणाला कळतं.

आणि तिसरी गोष्ट वारणा. कोयनेच्या दक्षिणेला, साधारण ३० किलोमीटरवर, चांदोलीजवळ वारणा धरण बांधलं गेलं. १९८५ मध्ये त्यात पाणी अडवायला सुरुवात झाली. १९९३ पासून वारणेच्या बाजूला भूकंपांची संख्या लक्षणीय वाढली. म्हणजे त्याच भागात दुसरा जलाशय आला आणि हादऱ्यांचा पट्टा त्याच्याकडे सरकला. निसर्गाने आपणहून प्रयोग पुन्हा करून दाखवावा, असं विज्ञानात फार क्वचित होतं.

१९६७च्या भूकंपापासून मोजलं तर या भागात ५ किंवा त्याहून मोठे वीसेक, ४च्या वरचे सुमारे २०० आणि छोटे तर हजारोंनी भूकंप झाले आहेत. आणि हे सगळं कुठे? साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या तुकड्यात. त्याच्या बाहेर, आसपासच्या मोठ्या परिसरात, भूकंपांचं दुसरं असं केंद्र नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या, म्हणजे एनजीआरआयमधल्या, डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी हयात या तुकड्याच्या अभ्यासात घालवली. 'धरणं आणि भूकंप' याच विषयावरचं गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांचं इंग्रजी पुस्तक १९७६ मध्येच आलं होतं.

पण पाणी एवढा मोठा दगड हलवतं कसं?

आपल्याला सुचणारं पहिलं उत्तर असतं वजन. कोयनेची साठवणक्षमता आज १०५ टीएमसीच्या आसपास आहे. एक टीएमसी पाणी म्हणजे जवळपास २.८ कोटी टन. पूर्ण भरलेला जलाशय म्हणजे सुमारे ३०० कोटी टन. आकडा भीतीदायक वाटतो.

आता दुसरा हिशेब बघा. १०० मीटर खोल पाण्याचा तळावर जो दाब पडतो, तो ४० मीटरपेक्षा कमी जाडीच्या खडकाच्या थराइतका असतो. आणि कोयनेचे भूकंप होतात ते जमिनीखाली काही किलोमीटरवर. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचं जे ओझं आहे, त्याच्यापुढे जलाशयाचं ओझं एक टक्काही नाही. शिवाय खाली जाता जाता ते आजूबाजूला पसरतं. हत्तीच्या पाठीवर पोतं ठेवण्याइतकाही हा भार नाही. तेव्हा नुसत्या वजनाने खडक फुटला, असं म्हणता येत नाही.

खरी करामत आत मुरलेल्या पाण्याची आहे.

स्वयंपाकघरात एक गोष्ट कधीतरी पाहिली असेल. गरम पाण्याने धुतलेला काचेचा ग्लास ओल्या ओट्यावर उपडा ठेवला की तो आपोआप सरकतो. कुणी ढकललेलं नसतं. आत अडकलेली हवा तापून फुगते, ग्लासला आतून केसभर वर उचलते, आणि ओट्याला घट्ट टेकलेली कड सुटते. ओट्याला जरा उतार असेल तर ग्लास निघाला.

जमिनीखालचे भ्रंश, म्हणजे खडकातल्या जुन्या तुटीच्या रेषा, याच तत्त्वावर सरकतात. भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींना सरकवायला बघत असतात, पण वरच्या ओझ्याने त्या इतक्या घट्ट दाबलेल्या असतात की घर्षण त्यांना हलू देत नाही. जलाशय भरला की पाण्याचा दाब बारीक भेगांतून खाली खाली पोचतो. भ्रंशातल्या पाण्याचा दाब वाढला की तो दोन्ही बाजूंना एकमेकींपासून किंचित दूर ढकलतो. पकड सैल होते. आणि भ्रंश जर आधीच सुटण्याच्या बेतात असेल तर तो सुटतो. पाणी इथे तेलासारखं वंगण बनतं, असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं, ते बरोबर नाही. काम करतो तो दाब.

दाब खाली पोचायला वेळ लागतो, म्हणून सगळे भूकंप धरण भरल्या भरल्या होत नाहीत. इजिप्तमध्ये आस्वान धरणात १९६४ पासून पाणी साठू लागलं आणि तिथला ५पेक्षा मोठा भूकंप झाला १९८१ मध्ये.

हे सगळं कागदावरचं गणित नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्कराच्या रासायनिक कारखान्याचं सांडपाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सोडलं जात होतं. ज्या शहराला भूकंपाची सवय नव्हती तिथे हादरे सुरू झाले. १९६६ मध्ये पाणी सोडणं थांबवलं, तरी तिथला सगळ्यात मोठा धक्का १९६७ मध्ये आला. त्यानंतर त्याच कोलोरॅडो राज्यात रँजली इथल्या तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम प्रयोग केला. जमिनीखालच्या पाण्याचा दाब वाढवला, भूकंप वाढले. दाब उतरवला, भूकंप कमी झाले. नळ चालू-बंद करावा तसं.

मग जायकवाडीला का होत नाही?

हा प्रश्न विचारायलाच हवा. जायकवाडीची क्षमताही १०० टीएमसीच्या वर आहे, म्हणजे जवळपास कोयनेएवढीच. उजनी तर त्याहून मोठं. तिथे कोयनेसारखी मालिका कधी दिसली नाही.

एक फरक खोलीचा आहे. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या अरुंद दरीत उभं आहे, धरणाची उंची १०३ मीटर. जायकवाडीचं पाणी सपाट प्रदेशात पसरलंय, धरण चाळीसेक मीटरचं. तळाचा दाब ठरतो तो खोलीवरून. पसरट परातीत आणि उंच हंड्यात तेवढंच पाणी ओतून बघा.

पण खोली हे पूर्ण उत्तर नाही. पंजाब-हिमाचलच्या सीमेवरचं भाक्रा धरण २२६ मीटर उंच आहे, कोयनेच्या दुपटीहून जास्त, आणि ते भूकंपांसाठी बदनाम असलेल्या हिमालयाच्या पायथ्याशी आहे. तिथे जलाशयामुळे भूकंप वाढल्याचं दिसलेलं नाही. हिमालयात खडक एकमेकांवर चढतात. अशा ठिकाणी वरून पडणारं पाण्याचं वजन भ्रंशाला उलट दाबून धरतं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. जगात हजारो मोठी धरणं आहेत आणि बहुतेकांखाली काहीही घडत नाही. खाली भ्रंश हवा, तो ताणलेला हवा, त्याची दिशा सोयीची हवी आणि पाण्याला तिथवर वाट हवी. हे सगळं जुळलं तरच.

जिथे जुळलं तिथे मोठे भूकंप झाले आहेत. चीनमधल्या शिनफेंगजियांग धरणाजवळ १९६२ मध्ये, झांबिया-झिंबाब्वे सीमेवरच्या करिबाला १९६३ मध्ये, ग्रीसमधल्या क्रेमास्ताला १९६६ मध्ये आणि मग कोयना. जलाशयाशी निःसंशय जोडले गेलेले ६च्या वरचे भूकंप एवढेच. २००८ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा जवळच्या झिपिंगपू धरणाकडे बोट दाखवलं गेलं. त्यावर शास्त्रज्ञांमध्ये आजही एकमत नाही.

म्हणूनच प्रत्येक भूकंपाला जवळचं धरण चिकटवण्याची घाई करू नये. २०१८च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात हादऱ्यांची मोठी मालिका सुरू झाली. हजारो धक्के नोंदवले गेले, माणसं थंडीत तंबूत झोपली. तिथे कोयनेसारखा मोठा जलाशय नाही. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर माकणीच्या निम्न तेरणा धरणावर संशय घेतला गेला होता, पण तो जलाशय उथळ आहे आणि कोयनेत दिसतो तसा भक्कम पुरावा तिथे मिळालेला नाही.

'पाणी सोडून द्या' हा उपाय का नाही

आता त्या पहिल्या कमेंटवाल्याकडे येऊ. धरण रिकामं केलं तर भूकंप थांबतील का?

वर डिसेंबरमधली वाढ सांगितली, ती आठवा. पाणी झपाट्याने उतरलं तरी खडकांमधला तोल बदलतो. कोयनेच्या अभ्यासात असं दिसलं की पातळी किती आहे याइतकंच ती किती वेगाने बदलते हे महत्त्वाचं आहे. आठवड्यात १२ मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने पाणी चढतं, तेव्हा ५च्या वरच्या भूकंपाला पोषक परिस्थिती तयार होते, असं गुप्तांनी १९८०च्या दशकात मांडलं होतं. दरवेळी होईलच असं नाही, पण धोका तिथे आहे. आधीच्या सर्वोच्च पातळीपेक्षा पाणी वर गेलं, किंवा वरच्या पातळीला ते जास्त दिवस राहिलं, तर त्याचाही परिणाम होतो. म्हणजे धरण हळू भरणं, हळू उतरवणं हाच त्यातल्या त्यात हातातला उपाय. आता ऑगस्टमध्ये नवजाला दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस पडत असताना, खाली कराड-सांगलीला पुराची भीती असताना 'हळू भरा' हे पाळणं किती अवघड आहे, ते सांगायला इंजिनिअर असण्याची गरज नाही.

शिवाय कोयनेची वीज जवळपास दोन हजार मेगावॉट क्षमतेची आहे. हे पाणी सोडून देणं म्हणजे काय, हे कमेंट करताना लक्षात येत नाही.

आणखी एक समजूत खूप फिरते. 'छोटे धक्के बसताहेत ते चांगलंच, साठलेली ऊर्जा निघून जातेय, मोठा टळला.' ऐकायला दिलासा देणारं आहे, पण गणितात बसत नाही. भूकंपाची तीव्रता एकने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोनने वाढली की हजार पट. १९६७च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा बाहेर काढायला ४.३ तीव्रतेचे हजार धक्के लागतील. गेल्या साठ वर्षांत कोयनेत ४च्या वरचे सगळे मिळून झाले सुमारे २००.

जमिनीत तीन किलोमीटर

कोयनेत भूकंप एवढ्या छोट्या जागेत, एवढ्या नेमाने आणि फार खोल नसलेल्या खडकात होतात, की जिथे ते जन्मतात तिथे यंत्रं उतरवता येतील अशी जगातली मोजकी ठिकाणं आहेत, त्यात कोयना येते. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने त्यासाठी कराडजवळ हजारमाची इथे स्वतंत्र प्रयोगशाळा उभी केली. आधी परिसरात दीड किलोमीटरपर्यंतच्या नऊ विहिरी खोदल्या गेल्या. मग गोठणे इथे तीन किलोमीटर खोल चाचणी विहीर २०१७ मध्ये पूर्ण झाली. सह्याद्रीचा काळा पाषाण तिथे सुमारे सव्वा किलोमीटर जाड निघाला आणि त्याखाली लगेच ग्रॅनाइटचा प्राचीन खडक लागला. या कामातून भूकंपाचं भाकीत करणारं यंत्र निघेल, अशी अपेक्षा ठेवू नका. भूकंप कधी होणार, हे जगात कुणालाही आज सांगता येत नाही. ताण किती आहे, पाणी किती खोल मुरलंय, भ्रंश सुटण्याआधी काय बदलतं, हे जागेवर जाऊन मोजणं हा हेतू आहे.

'धरण सुरक्षित' आणि घर?

आता पुन्हा त्या बातमीकडे. प्रत्येक धक्क्यानंतर प्रशासन सांगतं, धरण सुरक्षित आहे. ते सांगणं गरजेचं आहे, कारण खाली पाटण, कराड, सांगली आहे. पण १९६७ मध्ये माणसं धरण फुटून गेली नव्हती. ती स्वतःच्या घरांच्या भिंतींखाली गेली. त्यामुळे बातमीत 'धरण सुरक्षित' वाचताना मला नेहमी वाटतं, दुसरं वाक्य कुठे आहे? त्या पट्ट्यातल्या किती शाळांची, अंगणवाड्यांची, जुन्या दगडी घरांची तपासणी झाली? नवी घरं बांधताना जोत्याला, लिंटेलला आणि छपराखाली भिंतीभोवती काँक्रीटचा सलग पट्टा घातला जातो का? हा पट्टा भिंतींना एकत्र बांधून ठेवतो, आणि एकूण खर्चाच्या मानाने तो फार महाग नाही. कोयनेचा परिसर आज भूकंपप्रवण क्षेत्राच्या चौथ्या श्रेणीत, म्हणजे जास्त धोक्याच्या यादीत गणला जातो. धरणाला आधार देऊन झाले, घरांचं काय, हा प्रश्न कोयना खोऱ्यातल्या लोकप्रतिनिधींना विचारायचा आहे, धरणावरच्या इंजिनिअरला नाही.

आणि पुढच्या वेळी फॉरवर्ड आला, तर शेअर करण्याआधी तीन गोष्टी बघा. केंद्रबिंदू कोयना-वारणेच्या त्या पट्ट्यातच आहे का. खोली किती दिली आहे. आणि तीव्रता किती. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या वेबसाइटवर आणि त्यांच्या 'भूकंप' (BhooKamp) ॲपवर ही माहिती लवकरच येते. तीनच्या आतला आकडा असेल तर कोयनेसाठी तो रोजच्यातला आहे. पाचच्या जवळ असेल, तर आधी गावाकडे फोन करा, कमेंट नंतर.